भाच्याची बारस, मावशीचे पोते

आश्विन वद्य द्वादशीच्या दिवेलागणीला घरोघरी सवत्स धेनूचे पूजन होते आणि दिवाळीचा पहिला दिवा गाईच्या पायाशी लागतो. परंतु आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेस, अकोले तालुक्याच्या डांगाणात, त्याच तिथीला दुसराही एक सण असतो. तो वाघबारस. महादेव कोळी आणि ठाकर समाजातील मंडळी शिवेवरच्या शेंदूर माखलेल्या वाघोबापुढे जमतात. गावचे दूध एकत्र करून खीर शिजते. कोठे कोठे एखादे पोर वाघाचे सोंग घेते आणि बाकीची पोरे त्याला आरडाओरडा करीत रानाकडे पिटाळतात. देशावरील व्रतस्थ गृहिणी त्या दिवशी दुधास स्पर्श करीत नाही आणि डोंगरातला गुराखी दुधाचीच खीर वाघाला दाखवितो. एकाच तिथीची ही दोन रूपे. गाय आणि गाईला खाणारा, दोघांचीही पूजा एकाच दिवशी व्हावी, याचे आम्हांस नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

पट्टेरी वाघ आता त्या डोंगरांत राहिला नाही. बिबट्या मात्र आहे आणि तो उसाच्या आडोशाने पार गावकुसापर्यंत आला आहे. अकोल्याच्या खोऱ्यात झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दर शंभर चौरस किलोमीटरमागे पाचाच्या आसपास प्रौढ बिबटे असल्याचा अंदाज निघाला. त्याच मुलखातील बिबट्यांच्या खाण्याचा शोध घेतला, तेव्हा सर्वांत मोठा वाटा गावातील कुत्र्यांचा निघाला. मांजरेही बरीच निघाली. म्हणजे भाचा मावशीलाच खातो! तरीही भाच्याला बारस आहे, शेंदूर आहे, खीर आहे. मावशीला काय आहे?

आपल्या धर्माने मुक्या प्राण्यांची उपेक्षा केली, असे कोणी म्हणू शकणार नाही. बैलाला पोळा आहे, नागाला पंचमी आहे, पितृपक्षात कावळ्याची वाट पाहत माणसे उपाशी ताटकळतात. सिद्धटेकच्या गणपतीपुढे उंदरालाही लोक हात जोडतात. मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरत आला आहे. श्रावणात भिंतीवर लावतो त्या जिवतीच्या कागदावर बृहस्पती वाघावर स्वार असतो. तेथेही भाच्याचीच वर्णी! मांजराच्या वाट्याला आली ती एकच गोष्ट: ते आडवे गेले की चार पावले मागे यायचे.

वास्तविक देवघराचे दार मांजराला सर्वत्र बंद नाही. आपण बाळंतिणीच्या खोलीत पाचवी-सहावीला जी सटवाई पूजितो, तीच बंगालात षष्ठी म्हणून पुजली जाते आणि तेथे तिचे वाहन मांजर आहे. तिची कहाणीही तेथील बायका सांगतात. एका घरची धाकटी सून चोरून खाई आणि आळ मांजरावर घेई. मांजराने देवीपाशी गाऱ्हाणे केले. सुनेला मूल झाले की ते नाहीसे होऊ लागले. अखेरीस तिला आपली चूक उमगली, तिने मांजराची क्षमा मागितली, तेव्हा कोठे मुले परत मिळाली. आपल्या श्रावणातल्या कहाण्यांत सहज शोभून जाईल अशी ही कहाणी आहे.

पण इतके लांब जाण्याचेही कारण नाही. राहुरी तालुक्यातील ताहाराबाद येथे महिपतींची समाधी आहे. या संतचरित्रकाराने शके 1684 मध्ये, म्हणजे 1762 साली, ‘भक्तविजय’ पूर्ण केला. त्यात पंढरपूरच्या राका कुंभाराचे आख्यान आहे. राकाने कच्ची मडकी आव्यात रचली. त्यांतल्या एका मडक्यात मांजरीने पिल्ले घातली होती, हे त्याला ठाऊक नव्हते. आवा पेटला आणि मांजरी आक्रोश करीत भोवती फिरू लागली. राका हादरला. त्याने पांडुरंगाचा धावा केला, आणि पिल्ले वाचली तर सारा संसार लुटवून टाकीन, असे बोलून बसला. आवा निवाल्यावर पाहतो तो पिल्लांचे मडके कच्चेच राहिलेले आणि आत पिल्ले जिवंत! राकाने शब्द पाळला. घरदार वाटून टाकले आणि बायकामुलीसह रानातली वाळली काटकी वेचून तो पोट भरू लागला.

हे आख्यान कीर्तनात ऐकून डोळे पुसणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. आम्हीही पुसले आहेत. तथापि मांजर शुभ की अशुभ, हा प्रश्न त्या कुंभाराच्या मनाला शिवला नाही, इकडे आपले लक्ष जात नाही. आणि त्याच्या हातून जे घडले ते नकळत घडले होते.

आपण जे करतो ते कळून सवरून करतो. दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावर, जळणाच्या खोलीत, कणगीच्या मागे पिल्ले सापडतात. मग घरात एक पोते शोधले जाते. मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते, असे जुन्या बायका सांगत. त्या भयाने मारण्यास कोणी धजत नाही. पोत्याचे तोंड बांधून पिल्ले ओढ्यापलीकडे, बाजारतळावर किंवा एखाद्या देवळाच्या आवारात सोडली जातात. मारले नाही, म्हणून पाप नाही, असा हा हिशेब आहे. पुढचे काम भूक, कुत्री आणि बिबट्या उरकतात. हा हिशेब चित्रगुप्ताच्या वहीत कसा लिहिला जात असेल, हे सांगण्यास शास्त्र्यांची गरज नाही. राजाचा कायदा तरी स्पष्ट आहे: 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वये, उपासमार होईल अशा स्थितीत पाळीव जनावर टाकून देणे हा गुन्हा आहे.

दुसऱ्यांस दोष देऊन आम्ही मोकळे होऊ इच्छीत नाही. काही वर्षांपूर्वी वसुबारसेच्या आदल्या दिवशी आमच्याच घरातून असे एक पोते गेले. रात्री मांजरी आली. रिकाम्या माळ्यावर चढली, उतरली, पुन्हा चढली. तीन रात्री ती ओरडत होती आणि खाली अंगणात आम्ही गाय-वासराची रांगोळी घालीत होतो. राकाच्या आव्याभोवती फिरणारी मांजरी आम्हांला त्या दिवशी प्रथम दिसली. तोवर ती केवळ ऐकली होती.

मांजरासाठी नवी तिथी काढा, असे आमचे म्हणणे नाही. सण पुरेसे आहेत. परंतु पिल्ले डोळे उघडून, दूध सोडून, आपले आपण खाऊ लागेपर्यंत दीड-दोन महिने लागतात. तेवढा काळ एक कोपरा न झाडल्याने लक्ष्मी परत फिरेल, असे मानणाऱ्याने लक्ष्मीला फारच हलके लेखले म्हणावे लागेल. बहुधा तेवढीही वेळ येत नाही. वावर वाढला की मांजरी स्वतःच एकेक पिल्लू मानेला धरून दुसरीकडे नेते. वर्षातून दोन-तीन वेळा होणारी वीण नकोशी असेल, तर गुरांच्या डॉक्टरांकडून मांजरीची शस्त्रक्रिया करून घेता येते. जिच्यामुळे ज्वारीच्या पोत्यांना उंदरांनी भोके पाडली नाहीत, तिच्यासाठी एवढा खर्च अवाजवी नव्हे. फटाक्यांच्या रात्री तिला आतली खोली उघडी ठेवावी आणि वासराला नैवेद्य दाखवून झाल्यावर एक वाटी तिच्यापुढेही सरकवावी.

यंदा आमच्या माळ्याचा दक्षिणेकडचा कोपरा झाडलेला नाही. तेथे तीन पिल्ले आहेत. दोन पांढरी आणि एक काळे. फराळाचे डबे ठेवण्याची जागा तीच असल्याने या वर्षी चकल्या खालच्या फडताळात गेल्या आहेत. घरातील वडीलधाऱ्यांनी दोन दिवस कुरकुर केली, मग काळ्याचे नाव विचारले.