गरोदरपणातला व्यायाम आणि फडातली मोळी



ऊस विकास विभागाच्या माणसाने लागण, खोडवा नि खतांच्या मात्रा यांवर लिहावे, बाळंतपणावर नव्हे, असे काहींना वाटेल. पण आमचा निम्मा हंगाम फडात जातो आणि फडात बायामाणसे असतात, तेव्हा लिहिणे भाग आहे.

अंबरनाथ-बदलापूरकडे जांभूळ म्हणून गाव आहे, एम.आय.डी.सी.चे जलशुद्धीकरण केंद्र आहे तेच. तिथे दिलेल्या माझ्या पुतणीला पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी रोज अर्धा तास चालायला सांगितले. घरात गहजब! दोन जिवांची बाई, तिने पाय वर करून पडून राहायचे, असे सासूबाईंचे मत. मी म्हणतो, डॉक्टरीणबाईंचेच बरोबर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली हेच सांगितले आहे. डॉक्टरांची हरकत नसेल तर गरोदर बाईने आठवड्याला निदान १५० मिनिटे, बोलता येईल इतपत दम लागेल असा व्यायाम करावा. त्याने गरोदरपणातला मधुमेह, रक्तदाब आणि वाजवीपेक्षा जास्त वजन वाढणे यांचा धोका कमी होतो. मुलाच्या वजनावर वाईट परिणाम होत नाही. चालणे सगळ्यांत सोपे. तीन महिन्यांनंतर उताणे पडून करायचे प्रकार टाळावेत, पाणी पीत राहावे, भर उन्हात करू नये. अंगावरून रक्त किंवा पाणी गेले, चक्कर आली, छातीत दुखले, पोटात कळा आल्या, की तिथेच थांबून दवाखाना गाठायचा.

आता गैरसमज होतो तो इथे. हे ऐकून आमचे एक सभासद म्हणाले, "मग साहेब, आमच्या फडातल्या बायांना वेगळा व्यायाम कशाला? दिवसभर चाललेलाच असतो की!" माझा सगळा राग या वाक्यावर आहे. व्यायाम म्हणजे आपल्या बेताने करायचे आणि दमले की थांबायचे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाची उचल डोक्यावर, आणि एक दिवस चुकला की खाडा. तिला कोण थांबू देतो? पहाटेपासून कमरेत वाकून तोडायचे, मोळ्या बांधायच्या, आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. सातव्या महिन्यात ती फळी चढणारी बाई पाहिली की पोटात गोळा येतो. परत कोपीवर जाऊन पाणी भरणे नि भाकरी थापणे आहेच. व्यायामाच्या सल्ल्यात जे जे टाळा म्हटले आहे, ऊन, तहान, अतिश्रम, ते सगळे यात आहे.

या खाड्याची किंमत किती, ते २०१९ मध्ये राज्याला दिसले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या बीड जिल्ह्याच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यामागची कारणे अनेक असतील, पण दुखणे काढायला सवड नसणे हे त्यांतले एक मोठे, असे माझे मत आहे.

मुकादमाकडे बोट दाखवून आपण सुटत नाही. फड आपला, ऊस आपला. माझे म्हणणे एवढेच, की टोळीत गरोदर बाई असेल तर तिला मोळी उचलायला आणि फळी चढायला लावू नये. वाढे बांधण्यासारखे हलके काम बसून करू द्यावे, तेही तिला झेपेल तेवढेच. बांधावर सावली आणि पिण्याचे पाणी शेतमालकाने ठेवावे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी मोफत होते, ही योजना २०१६ पासूनची आहे. त्या दिवशी तिचा खाडा धरू नये आणि टोळीतल्या बायांना नेण्यासाठी कारखान्याने गाडी द्यावी. एक दिवसाच्या गाडीने तोड मागे पडते असे कुणी म्हणेल, तर त्याने शेतकी ऑफिसात यावे, तोडणीचा प्रोग्राम मी स्वतः जुळवून देतो. मुकादमांशी पुढच्या हंगामाचे करार होतील तेव्हा ही कलमे त्यात घालावीत, असा प्रस्ताव संचालक मंडळाकडे देत आहे. सभासदांनी आपली मते गटाच्या स्लिपबॉयकडे लेखी द्यावीत.