दहा वर्षांची अट पुरेशी आहे का?

परीक्षेच्या आदल्या दिवशी सिलॅबस बदलला तर आपण कॉलेज डोक्यावर घेऊ. आता हे वाचा. २०१३, मध्य प्रदेशातलं खंडवा. एका लहान मुलीवर अत्याचार आणि तिच्या खुनाचा खटला. आरोपीकडे वकील नाही, म्हणून कोर्टाने सरकारी खर्चाने एक वकील नेमला आणि त्याच दिवशी आरोप निश्चित केले. केस वाचायला वेळच नाही. १३ दिवसांत खटला आटोपला. शिक्षा : फाशी.

डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितलं. ‘अनोखीलाल’ निकाल म्हणतात तो हाच. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा केसमध्ये किमान १० वर्षं वकिली केलेलाच वकील द्या, तयारीला किमान सात दिवस द्या, हे नियम त्यातलेच.

सात दिवस! आपलं जर्नलसुद्धा तेवढ्यात पूर्ण होत नाही.

पण माझा खरा आक्षेप त्या दहा वर्षांवर आहे. दहा वर्षं नुसती खरेदीखतं करणारा वकीलही यात बसतो. त्याने एक तरी खुनाचा खटला चालवलाय का? डीएनए अहवाल त्याला वाचता येतो का? हे कोण विचारणार? गंमत नाही ही. याच आरोपीला फेरखटल्यातही आधी फाशीच झाली होती. डीएनए तज्ज्ञाची साक्षच झाली नव्हती, म्हणून हायकोर्टाने प्रकरण परत पाठवलं. २०२४ मध्ये तो निर्दोष सुटला. अकरा वर्षं आत काढून.

शिवाय २०२२ च्या ‘मनोज’ निकालानंतर आरोपीचं बालपण, मानसिक आरोग्य, तुरुंगातलं वागणं हे सगळं शिक्षा ठरवण्याआधी कोर्टापुढे यायला हवं. म्हणजे वकिलाने त्याच्या घरी, गावात जाऊन माणसांशी बोलायला हवं. तुटपुंज्या फीमध्ये ते कोण करणार?

आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात आता ‘लोक अभिरक्षक कार्यालयं’ आली आहेत. तिथल्या प्रमुखासाठी फौजदारी वकिलीचाच अनुभव मागतात, हे बरं आहे. तीच अट फाशीच्या प्रत्येक केसला लावा. सोबत खास प्रशिक्षण आणि नीट मानधन द्या.

‘अशा नराधमांना वकील हवाच कशाला’, असं तुमच्या ग्रुपवर कुणी टाकलं, तर त्याला खंडव्याची तारीख विचारा : २०१३ ची की २०२४ ची?