आश्रयाच्या पुढची पायरी

निराधार जीवाला आश्रय देणे ही जीवदयेची पहिली पायरी होय. व्यापारी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या पांजरपोळ चालवून ती जपली. परंतु वन्य जीवाच्या बाबतीत आणखी एक पायरी उरते: त्याला त्याचे वन परत देणे.

येलदरीच्या धरणातून पुढे जाणारी पूर्णा परभणी जिल्ह्यातच गोदावरीला मिळते. त्याच गोदावरीला पुढे गडचिरोलीच्या सीमेवर इंद्रावती मिळते. तिच्या खोऱ्यात, हेमलकसा येथे, १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेथे डॉ. प्रकाश आमटे यांना शिकारीहून परतणारे माडिया आदिवासी दिसले. मारलेल्या माकडिणीला तिचे पिल्लू बिलगून होते. शिकारीमागे भूक होती, हे जाणून डॉक्टरांनी दूषण दिले नाही. पिल्लू मागून घेतले. त्यातूनच वन्य प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. माणसाच्या हातावर वाढलेले असे प्राणी बहुधा आयुष्यभर माणसावरच अवलंबून राहतात.

ही दुसरी पायरी गाठण्याचा प्रयत्न मलेशियाच्या साबा राज्यात, सेपिलोक येथे १९६४ पासून चालू आहे. ओरांगउटान म्हणजे मलय भाषेत ‘वनातला माणूस’. त्याचे पिल्लू सहा-सात वर्षे आईजवळ राहून झाडावर चढणे, फळे ओळखणे, फांद्यांची शेज रचणे शिकते. आई गेली की ही शाळाच बंद पडते. केंद्रातील सेवक ती पुन्हा भरवतात. मचाणावर मिळणारे अन्न मुद्दाम एकसुरी ठेवतात, म्हणजे पिल्लाने कंटाळून रानातली फळे शोधावीत. प्रवाशांनी दुरूनच पाहावे, हात लावू नये, असा दंडक आहे. माणसाचा सर्दी-खोकलाही या प्राण्यांना जडतो.

पण परतायला रान तर हवे! बोर्निओतील मोठी अरण्ये पामच्या मळ्यांसाठी तोडली गेली. पामतेलाची सर्वाधिक आयात करणाऱ्या देशांत भारत अग्रभागी आहे. फरसाण, बिस्किटे, साबण या वाटांनी ते आपल्या पेढीवर येते. सौद्याच्या वेळी भाव आणि दर्जा विचारला जातोच. तेल कोणत्या जमिनीवर पिकले, हेही विचारता येते. जंगलतोड टाळून पिकवलेल्या पामतेलाला प्रमाणपत्र मिळते. ते मागणारा व्यापारी सेपिलोकला न जाताही त्या पिल्लांची परतीची वाट मोकळी ठेवतो.