गिअरच्या आधी पासपोर्ट

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. तिकीट खिडकी आपल्याकडे, स्टेशन मास्तरांचं कार्यालय तिकडे, आणि फलाटावरच्या एका बाकाच्या मधोमध हद्दीची रेघ. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली, स्टेशन होतं तिथेच राहिलं. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात हद्द ओलांडणं ही अशी रोजची बाब आहे. नंदुरबारहून निझर, कुकरमुंडा करत तळोद्याला निघालेला सायकलवाला मध्ये गुजरातेत शिरतो आणि पुन्हा महाराष्ट्रात येतो, त्याला कुणी नाव-गाव विचारत नाही. शहाद्याहून खेतिया गाठलं की मध्य प्रदेश. बारडोलीकडे ऊसतोडीला जाणारी आपली माणसं वर्षानुवर्षं अशीच ये-जा करत आली.

देशाची सीमा मात्र वेगळी असते, आणि ते इथल्या मुलांना कुणी सांगत नाही. परवा तळोद्याचा एक मुलगा भेटला. चांदसैली घाट न थांबता चढणारा. सायकलने लंडनला जायचंय म्हणाला आणि विचारलं, "सर, किती गिअरची घेऊ?" मी विचारलं, "पासपोर्ट काढलास का?" काढला नव्हता. हा लेख त्याच्यासाठी आणि त्याच्यासारखी स्वप्नं पाहणाऱ्या प्रत्येकासाठी आहे.

१५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. पंजाब, बलुचिस्तान, इराण, बगदाद असा त्यांचा जमिनीवरचा रस्ता होता. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे तो प्रवास पुरा करून मार्च १९२८ मध्ये मुंबईत परतले. त्याच रस्त्याने आज भारतीय सायकलस्वार जाऊ शकत नाही. अटारीचा नाका एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर बंद झाला. त्याआधीही पाकिस्तानचा व्हिसा सायकलवाल्याला मिळणं दुरापास्तच होतं. पूर्वेला मणिपुरातल्या मोरे इथून म्यानमारमध्ये जाण्याची सोय ऑगस्ट २०१८ मध्ये झाली होती, पण आधी कोरोना आणि मग २०२१ चं लष्करी बंड, त्यामुळे ती वाटही हिशेबातून गेली. नेपाळमधून तिबेटात एकट्याने सायकल चालवता येत नाही. परवाना, एजन्सी, वाटाड्या सगळं लागतं. केरळचे फायिस अश्रफ अली १५ ऑगस्ट २०२२ ला तिरुवनंतपुरमहून लंडनकडे निघाले, त्यांनाही पाकिस्तान आणि चीनचा व्हिसा मिळाला नाही आणि विमानाने ओमानला जावं लागलं. म्हणजे सायकल खोक्यात भरून पहिली उडी विमानाने, हे आज धरूनच चालायचं. सायकलच्या दुकानात नव्या सायकलीचं रिकामं खोकं मिळतं, ते मागून ठेवावं.

खरी कसोटी तारखांची आहे. युरोपातल्या शेंगेन देशांचा व्हिसा प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी मागता येतो, आणि अर्ज साधारणपणे आपण राहतो त्याच देशातून करायचा असतो. आता मध्य आशियाला वळसा घालून जाणारा मुलगा सात-आठ महिन्यांनी बल्गेरियाच्या सीमेवर पोचणार. निघताना अर्ज केला तर फार लवकर होतो. इस्तंबूलमध्ये केला तर, तुम्ही इथले रहिवासी नाही, हे उत्तर मिळण्याचीच शक्यता जास्त. मग प्रवास मध्येच थांबवून, सायकल कुठेतरी ठेवून, विमानाने भारतात येऊन अर्ज करावा लागतो. तो खर्च आणि तो वेळ पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात धरलेला बरा. अर्जासोबत परतीचं तिकीट, मुक्कामाचं बुकिंग, बँकेचं स्टेटमेंट आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. सायकलवाला संध्याकाळ होईल तिथे तंबू ठोकतो, त्याने बुकिंग कुठलं दाखवायचं? दिवसवार नकाशा आणि सविस्तर पत्र जोडावं, खोटी बुकिंग कधीही जोडू नयेत. व्हिसा मिळाल्यावरही १८० दिवसांत ९० च दिवस राहता येतं. चालू शेंगेन व्हिसावर भारतीयाला तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळू शकतो, तेव्हा कोणता व्हिसा आधी घ्यायचा याचाही क्रम लावावा लागतो.

इराणचं उदाहरण मला फार बोचतं. ४ फेब्रुवारी २०२४ पासून इराणने भारतीयांना व्हिसाची सूट दिली, पण फक्त विमानाने येणाऱ्यांना. नोव्हेंबर २०२५ मध्ये तीही थांबली. हजारो किलोमीटर पायडल मारत आलेल्या माणसाला नाक्यावर जे मिळत नव्हतं, ते विमानातून उतरणाऱ्याला मिळत होतं, हे मला पटत नाही. आपलं परराष्ट्र मंत्रालय जेव्हा अशा सवलतींची बोलणी करतं, तेव्हा जमिनीवरचे नाकेही त्यात यावेत असा आग्रह धरायला हवा.

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ मध्ये १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा ती वीस वर्षांची होती. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने लुटलं गेलं. व्हिसाच्या अडचणींनीही तिचा बराच वेळ खाल्ला. अस्वलाची गोष्ट सगळ्यांना आठवते. व्हिसाची कुणी विचारत नाही, आणि पुढे जाणाऱ्यांना नेमकी तीच उपयोगाची आहे.

आपल्याकडे अडचण याच्याही आधी सुरू होते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून, आधारवर दुसरीच. एका कागदावर आडनाव वसावे, दुसऱ्यावर इंग्रजी स्पेलिंग बदलून आलेलं. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे अर्धं. सातपुड्यातल्या कितीतरी मुलांचे कागद असे आहेत, आणि ही चूक त्यांची नाही. नाव लिहून घेणाऱ्याने कानाला आलं तसं लिहिलं. पण पासपोर्टचा अर्ज अशा कागदांवर अडतो, आणि पासपोर्टवर चुकीचं नाव आलं तर पुढचा प्रत्येक व्हिसा त्याच नावाने मागावा लागतो. दुरुस्तीला महिने जातात. त्यामुळे हे काम सायकल घेण्याच्या आधीचं. शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी दहावीनंतर एकदा प्रत्येक मुलाचे कागद जुळवून दिले, तर फार मोठं काम होईल.

आणि पहिली परदेशी सीमा म्हणून लंडनचा विचार करू नका, नेपाळचा करा. खेतियावरून मध्य प्रदेश, मग उत्तर प्रदेश, आणि सोनौलीच्या नाक्यावरून नेपाळ. व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. नुसत्या आधार कार्डावर विसंबू नका, १५ ते ६५ वयाच्या माणसाला नेपाळ प्रवासासाठी ते ग्राह्य धरलं जात नाही. अठरा पूर्ण झाली असतील तर मतदार यादीत नाव घाला, आणि पासपोर्टचा अर्ज याच महिन्यात भरा.