विश्लेषण : बोर्डोची वाईन चाखताना गुण चवीला मिळतात की लेबलला?

नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला ‘बोर्डो’ हा शब्द माहीत आहे तो फवारणीच्या टाकीमुळे. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी : झालं एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण. फ्रान्सच्या बोर्डो भागात वाटसरूंनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळसर मिश्रण मारत. त्या वेलींवर केवडा रोग येत नाही, हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडलं. एका शेतकऱ्याची युक्ती तपासून, पडताळून शास्त्र झाली. त्याच बोर्डोत वाईनचा दर्जा ठरवताना मात्र पडताळणीला आजही फारसं स्थान नाही.

१८५५ ची यादी कशी बनली?

पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत बोर्डोच्या उत्तम वाईनची यादी हवी होती. काम गेलं दलालांकडे आणि त्यांनी दोन आठवड्यांत यादी हातात ठेवली. त्यासाठी नव्याने काही चाखलं गेलं नाही. कोणत्या शातोची, म्हणजे वाईन बनवणाऱ्या मळ्याची, वाईन बाजारात काय भावाने जाते यावरून पाच श्रेण्या पाडल्या गेल्या. पहिल्या श्रेणीत लाफित, लातूर (आपलं लातूर नव्हे), मार्गो आणि ओ-ब्रियाँ. आजवर या यादीत दखल घ्यावी असा एकच मोठा बदल झाला : १९७३ मध्ये मूतों रोथशिल्ड दुसऱ्या श्रेणीतून पहिल्यात गेलं.

गंमत म्हणजे श्रेणी मिळते ती शातोच्या नावाला, जमिनीच्या तुकड्याला नाही. शेजारचा मळा विकत घेतला की त्याची द्राक्षंही त्याच मानाच्या बाटलीत जाऊ शकतात. यादीत रेड वाईनची आज ६१ नावं आहेत. बोर्डोतले बाकीचे हजारो उत्पादक तिच्या बाहेर.

नदीपलीकडच्या सेंट एमिलियाँने १९५५ पासून स्वतःची यादी ठेवली आणि साधारण दर दहा वर्षांनी ती नव्याने करण्याचं ठरवलं. कल्पना चांगली होती. पण २०१२ च्या नियमांत वरच्या श्रेणीसाठी चवीला शंभरपैकी ३० गुण आणि प्रतिष्ठेला ३५! कोर्टकज्जे तर सुरूच राहिले. २०२१ मध्ये शेवाल ब्लाँ आणि ओझोन या दोन सर्वांत मानाच्या शातोंनी निकषांवरच नाराज होऊन या शर्यतीतून अंग काढून घेतलं.

कच्च्या वाईनला गुण कसे देतात?

दर एप्रिलमध्ये जगभरचे व्यापारी आणि समीक्षक बोर्डोत जमतात. समोर असते आदल्या शरदात तोडलेल्या द्राक्षांची, जेमतेम सहा महिन्यांची, अजून पिंपात असलेली वाईन. तुरटपणा असा की कच्ची सुपारी चघळल्यासारखी जीभ आखडते. समीक्षक घोट तोंडात घोळवतात, थुंकतात, लिहितात. या गुणांचा भावावर परिणाम होतो. गिऱ्हाईक पैसे आज भरतं आणि बाटली हातात पडते दोनेक वर्षांनी. नमुना शातोनेच तयार केलेला असतो. पहिल्या श्रेणीची वाईन तर त्यांच्या वाड्यावर जाऊनच चाखावी लागते. तिथे लेबल झाकण्याचा प्रश्नच येत नाही.

अनुभवी जिभेला कच्च्या वाईनमधूनही बरंच कळतं, हे खरं आहे. खडकाळ, गोट्यांच्या जमिनीवरची काबरने सॉव्हिन्यों आणि चिकणमातीतली मर्लो यांत फरक आहेच. पण सेन्सर कितीही चांगला असला तरी त्याला उत्तर आधीच सांगून ठेवलं, तर त्या मोजमापाला काय अर्थ?

बोर्डो विद्यापीठातच याचा पुरावा मिळाला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना बोर्डोचीच व्हाइट वाईन वासहीन लाल रंग मिसळून दिली गेली. वर्णन करताना त्यांनी रेड वाईनसाठीचे शब्द वापरले. त्याच चमूतल्या फ्रेडरिक ब्रोशे यांनी एकच मध्यम दर्जाची वाईन एकदा साध्या आणि एकदा मानाच्या बाटलीतून दिली, तेव्हा मानाच्या बाटलीचं कौतुक झालं. यावरून तज्ज्ञांना हसणं सोपं आहे, पण चूक तज्ज्ञांची नाही, पद्धतीची आहे. डोळे आधी बोलतात, जीभ मागून माना डोलावते.

किंमत कोण मोजतं?

यादीबाहेरचा शेतकरी. फ्रान्समध्ये रेड वाईनचा खप घटला, चीनची मागणी आटली आणि २०२३ पासून बोर्डोत वेली उपटण्यासाठी हेक्टरी ६,००० युरो मदत जाहीर झाली. हजारो हेक्टर मळे मोडले जात आहेत. मानाच्या बाटल्या शेकडो युरोंना जात असताना त्याच जिल्ह्यात साध्या वाईनला उत्पादनखर्चही सुटत नाही. मागणी घटण्यावर आंधळी चाचणी हा उपाय नाही, पण निदान चांगल्या साध्या वाईनला चांगली म्हणवून घेण्याची संधी तरी मिळेल.

घरच्या घरी तुलना कशी करावी?

भारतात परदेशी वाईनवर वर्षानुवर्षे १५० टक्के आयातशुल्क राहिलं आहे. त्यामुळे मुंबईच्या दुकानातल्या किमतीवरून चव ओळखणं आणखीच फसवं. त्यापेक्षा दोन बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळा. एकाच वर्षाच्या, पण वेगवेगळ्या शातोंच्या असल्या तर मळ्याचा फरक दिसेल. एकाच शातोच्या वेगवेगळ्या वर्षांच्या असल्या तर हवामानाचा. २०१७ च्या एप्रिलमधल्या गारठ्याने बोर्डोतलं पीक जाळलं होतं, २०१० मात्र उत्तम गेलं.

मग तीन एकसारखे ग्लास घ्या. दोनांत एक वाईन, तिसऱ्यात दुसरी. ओतणाऱ्याने चाखू नये आणि चाखणाऱ्याने ओतताना पाहू नये. वेगळा ग्लास कोणता, एवढंच ओळखायचं. तुक्का लागण्याची शक्यता तीनात एक, पण सलग चार वेळा तुक्का लागण्याची ८१ त फक्त एक. वर्णन लिहिताना कधी न खाल्लेलं ब्लॅककरंट उसनं आणायची गरज नाही. जांभळाचा तुरटपणा, आवळ्याचा आंबटपणा, पहिल्या पावसातली माती असं जे आठवेल ते लिहावं आणि किंमत सगळ्यात शेवटी बघावी.