गोंधळ शब्दांचा नव्हे, शिकवण्याचा

'इंग्रजीतील गोंधळात टाकणारे शब्द व वाक्प्रचार' या मथळ्याची एक यादी बहुतेक गाईडांच्या शेवटी असते. तीत कुत्री-मांजरे पावसासारखी कोसळतात आणि बादलीला लाथ मारली की माणूस मरतो. निलंग्याचा विद्यार्थी ती पाठ करतो, उत्तरपत्रिकेत उतरवतो आणि पुढे जन्मात कधी वापरत नाही. ही यादी म्हणजे इंग्रजीचे ज्ञान, असे मानणाऱ्या अध्यापनाशी आमचे भांडण आहे.

खरा गोंधळ साध्या शब्दांत असतो, आणि तो यादीत सापडत नाही. आपल्याकडे 'सॉरी' म्हणणारा आपली चूक कबूल करतो. इंग्रज मात्र वडील वारलेल्या माणसालाही 'सॉरी' म्हणतो. हे ऐकणाऱ्या मुलाला पडणारा प्रश्न अगदी रास्त आहे : याने काय अपराध केला? 'आय हॅव अ डाउट' असे म्हणत मुलगी उभी राहते तेव्हा तिला प्रश्न विचारायचा असतो. तिच्या मनात मराठीतली 'शंका' आहे. तो शब्द जिज्ञासा आणि संशय दोन्ही सांभाळतो. इंग्रजी 'डाउट' बहुधा संशयाकडेच झुकतो. आपल्याकडे 'पासआऊट' झालेल्याला पेढे मिळतात, विलायतेत त्याच्या तोंडावर पाणी मारतात. 'तू कितवा मुलगा?' हा प्रश्न इंग्रजीत सरळ विचारताच येत नाही. 'आपण' आणि 'आम्ही' यांतला भेद त्या भाषेचे एकुलते एक सर्वनाम गिळून टाकते. यांपैकी एकही गोष्ट मराठी समोर ठेवल्यावाचून समजावून सांगता येणार नाही.

आणि नेमकी तीच वर्गाबाहेर ठेवली जाते. 'इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी' हे सूत्र घरीदारी इंग्रजी ऐकणाऱ्या मुलांच्या बाबतीत कदाचित खरे असेल. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आली. पण शिरूर अनंतपाळ किंवा औराद शहाजानीच्या मुलाच्या कानावर ती पडते ती बहुधा शाळेच्या तासापुरतीच. त्याला एका अनोळखी शब्दाचा अर्थ दुसऱ्या अनोळखी शब्दांत सांगणे म्हणजे आंधळ्याच्या हाती आंधळ्याचा हात देणे. मोल्सवर्थला कोणी 'मराठी मराठीतूनच शिका' असे बजावले नव्हते. त्याच्या १८३१ च्या कोशात मराठी शब्दांचे अर्थ इंग्रजीतच दिले आहेत, आणि ते ठरवायला एतद्देशीय पंडित हाताशी होते. साहेबाला आपल्या मातृभाषेतून परभाषा शिकण्याची लाज वाटली नाही. आपल्याकडेही तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने दोन भाषा शेजारी बसवून कित्येक पिढ्यांना इंग्रजी दिली. ती पद्धत जुनाट ठरवून मोडीत काढणाऱ्यांनी तिच्या जागी काय ठेवले? ती यादीच ना?

याहून गंभीर गोष्ट आहे ती हशाची. 'द लाईट हॅज गॉन' असे मुलगा म्हणतो आणि वर्ग हसतो. कधी शिक्षकही हसतात. चूक नेमकी कुठे आहे, हे कोणी सांगत नाही. मराठीत 'लाईट' म्हणजे वीज, 'हॉटेल' म्हणजे चहा-भज्यांची जागा, 'कॉपी' म्हणजे परीक्षेतला गैरप्रकार. हे शब्द आता मराठीचे झाले आहेत आणि त्यांचे अर्थ मराठी माणसाने ठरवले आहेत. खुद्द 'लातूर पॅटर्न' घ्या. इंग्रजी कोशात 'पॅटर्न' म्हणजे आकृतिबंध, नमुना. आमच्या जिल्ह्यात त्याचा अर्थ पहाटेपासूनचे सराव वर्ग, चाचण्यांवर चाचण्या आणि गुणवत्ता यादी असा होतो. उभा महाराष्ट्र तो अर्थ ओळखतो. म्हणजे शब्द उसना आणि अर्थ इथला! मुलाला एवढे सांगितले की पुरते : हा शब्द तुझ्या घरी एका कामाला आहे, त्यांच्या घरी दुसऱ्या. मग तो आपणहून सावध होतो, आणि खजील न होता होतो. हसे झालेला मुलगा मात्र पुन्हा तोंड उघडत नाही. आमच्या महाविद्यालयांतल्या मागच्या बाकांवर असे मौन धरून बसलेले पुष्कळ जण आहेत. त्यांना 'इंग्रजी कच्ची' एवढाच शेरा मिळतो.

हा भाग १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू होती. तेव्हाच्या शेतकऱ्याने दवाखाना, तहसील, दरखास्त हे शब्द आपल्या तोंडात बसवून घेतले; त्याला कोणी उच्चारावरून वा अर्थावरून हसल्याची आठवण गावात निघत नाही. इंग्रजीच्या वाट्यालाच हा सोवळेपणा का यावा?

मराठीचे प्राध्यापक यात अंग काढून घेतात, हे आम्हांला सर्वांत खटकते. 'तो इंग्रजी विभागाचा प्रश्न' असे म्हणून त्यांची सुटका होते. दुसरीकडे शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हे शब्द केवळ कचरा वाटतात. वस्तुतः एम. ए. च्या भाषाविज्ञानाच्या तासाला अर्थपरिवर्तन शिकवले जाते. अर्थविस्तारासाठी 'तेल' आणि अर्थसंकोचासाठी 'मृग' ही उदाहरणे वर्षानुवर्षे फळ्यावर येतात. ती उत्तमच आहेत. पण त्यांच्या खाली 'लाईट', 'हॉटेल' आणि 'पॅटर्न' लिहायला खडू का उचलला जात नाही?