नवें कार्ड व जुनें खत

आमच्या सभासदांत 'कार्ड' हा शब्द आतां दोन अर्थांनीं बोलला जातो, व त्या दोहोंच्या घोटाळ्यांत पुष्कळांचें नुकसान होत आहे. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. पहिलें कार्ड म्हणजे किसान क्रेडिट कार्ड. तें १९९८ सालीं निघालें. त्यावर पीककर्ज ७ टक्के व्याजानें मिळतें. वेळेवर फेड केल्यास केंद्र सरकारच्या सवलतीनें तें ४ टक्क्यांवर येतें, आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा लाभ मिळाला तर ३ लाखांपर्यंतच्या कर्जास शेतकऱ्याच्या पदरचें व्याज उरत नाहीं. दुसरें कार्ड खासगी खर्चाचें. त्याचें व्याज बहुधा दरमहा तीन ते साडेतीन टक्के, म्हणजे वर्षास ३६ ते ४२ टक्के. नांव एक व आकारही एक. तेव्हां एखाद्या भल्या माणसास दुसरें तेंच पहिलें वाटावें, यांत नवल नाहीं.

हें दुसरें कार्ड खपविण्याची रीत पाहण्यासारखी आहे. पूर्वीं सावकाराच्या ओट्यावर आपण जात असूं, व जातांना मनांत लाज वाटे. ती लाज हाच पुष्कळांचा बचाव होता. आतां सावकारच आपणांस शोधीत येतो. मळणीच्या ऐन घाईंत फोन वाजतो व 'आपली निवड झाली आहे' असें गोड आवाजांत सांगण्यांत येतें. वर्गणी माफ, पेट्रोलवर सूट, सिनेमाचें तिकीट फुकट! छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या दुकानांत मोबाइल घेऊं गेल्यास कार्डवाल्यास किंमत कमी, व कार्ड नसेल तर अर्ज तेथेंच तयार. वाळूज व चिकलठाणा येथील कारखान्यांत नोकरीस लागलेल्या आमच्या मुलांस तर पगाराचें खातें उघडतांच विचारणा सुरू होते.

खरें सांगावयाचें तर, ज्याचा पगार ठरल्या तारखेस येतो व जो सर्व बिल मुदतींत भरतो, त्यास हें कार्ड सोयीचेंच आहे. त्यास व्याज पडत नाहीं. परंतु आपला पैसा कापूस, मका, तूर घरांत आल्यावर येतो, आणि बिल मात्र दर महिन्यास येतें. हंगामाच्या उत्पन्नावर महिन्याचें देणें बांधून घेणें हीच खरी चूक आहे. उधळेपणा ही त्यापुढची गोष्ट.

बिलावर 'किमान देय' म्हणून एक लहानसा आंकडा छापलेला असतो. तेवढा भरला म्हणजे काम भागलें, असें वाटतें. हिशेब करून पाहूं. देणें ५०,००० रुपये व व्याज दरमहा साडेतीन टक्के धरूं. महिन्याचें व्याज १,७५० रुपये, व्याजावर १८ टक्के वस्तु व सेवा कर ३१५ रुपये, मिळून ५२,०६५. किमान देय पांच टक्के धरल्यास २,६०३ रुपये भरावे लागतात. त्यांतून मुद्दल कमी झालें अवघें ५३८ रुपये! याच रीतीनें, नवी एक पैचीही खरेदी न करतां, वर्षभर भरीत गेल्यास सुमारें २९,४५० रुपये हातचे जातात, व तरीही सुमारें ४३,९०० रुपये देणें उरतें. नवी खरेदी केली तर तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज. आणि पेरणीच्या अडचणींत कार्डावर रोख रक्कम उचलली तर व्याजाखेरीज शुल्कही.

आमच्या आजोबा-पणजोबांस हा हिशेब नवा वाटला नसता. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं रयतेनें सावकारांवर उठाव केला, व पुढें नगर जिल्ह्यापर्यंत कर्जाचीं खतें जाळण्यांत आलीं. त्यानंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यानें न्यायाधीशास खताच्या मागें जाऊन मूळ देवघेव तपासण्याचा अधिकार मिळाला. आपला जिल्हा तेव्हां निजामाच्या राज्यांत असल्यामुळें गोदावरीच्या पलीकडील नगरकरांस जें संरक्षण मिळालें, तें आपणांस मिळालें नाहीं. तरी एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज मागूं नये, हा दामदुपटीचा जुना हिंदु नियम लोकांस ठाऊक होता.

आज स्थिति काय आहे? परवानाधारक सावकारानें शेतकऱ्यास विनातारण कर्ज दिलें, तर २०१४ च्या सरकारी मर्यादेप्रमाणें १२ टक्के, व इतरांस दिलें तर १८ टक्के, याहून अधिक व्याज त्यास घेतां येत नाहीं. बँकेस ही मर्यादा लागू नाहीं. उलट, व्याज भारी आहे एवढ्याच कारणावरून बँकेचा व्यवहार न्यायालयानें पुन्हां उघडूं नये, असें कलम बँकिंग नियमन कायद्यांत १९८४ पासून आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००८ सालीं कार्डाच्या थकबाकीवर ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणें अनुचित ठरविलें होतें. सर्वोच्च न्यायालयानें २० डिसेंबर २०२४ रोजीं तो निर्णय रद्द केला. सावकाराच्या ओट्यावर जें निंद्य, तें काचेच्या दारांतून आत गेल्यावर शिष्टसंमत कसें होतें, हें आम्हांस उमगत नाहीं.

रिझर्व्ह बँकेनें कांहीं बंधनें घातलीं आहेत, तीं सभासदांनीं ध्यानांत ठेवावीं. २०२२ च्या निर्देशांप्रमाणें न मागितलेलें कार्ड देण्यास मनाई आहे. तें संमतीवांचून चालू करून बिल लावलें, तर आकार परत करून त्याच्या दुप्पट दंड ग्राहकास द्यावा लागतो. देणें चुकतें केल्यावर कार्ड बंद करण्याचा अर्ज सात कामाच्या दिवसांत निकालांत काढला पाहिजे, नाहींतर दिवसास ५०० रुपये दंड. वसुलीसाठीं सकाळीं आठपूर्वीं व सायंकाळीं सातनंतर फोन करतां येत नाहीं.

वसुलीचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट स्पष्ट लिहितों. मुलाच्या एकट्याच्या नांवें घेतलेल्या कार्डावर बापानें जामीन म्हणून सही केली नसेल, तर बाप त्या कर्जाचा देणेकरी होत नाहीं. फोनवरचा माणूस कांहींही म्हणो. पण गांवांत अब्रूसाठीं बाप बैल विकतो व पैसे भरतो, हें ज्यास पक्कें ठाऊक आहे तोच फोन करीत असतो. आणि कार्ड शेतकऱ्याच्या स्वतःच्या नांवें थकलें, तर सिबिलच्या नोंदींत तें चढतें. पीककर्जासाठीं सिबिल मागूं नये असें मुख्यमंत्र्यांनीं २०२५ सालीं बँकांस बजावलें खरें. परंतु शाखेच्या मेजापाशीं काय घडतें तें सभासद जाणतातच.

२०१० च्या ऑक्टोबरांत याच शहरांतील सधन मंडळींनीं एकाच वेळीं १५० मर्सिडीझ गाड्या, सुमारें ६५ कोटी रुपयांच्या, खरेदी केल्या, तेव्हां देशभर चर्चा झाली. स्टेट बँकेनें त्यांस ७ टक्क्यांनीं कर्ज दिलें. ट्रॅक्टर घेणारास त्याच काळीं त्याहून अधिक व्याज पडत होतें. त्या खरेदीची वाहवा करण्याची आमची इच्छा नाहीं. पण ती मंडळी एकत्र जाऊन भाव ठरवून आली, आणि आपण एकेकटे मेजापाशीं उभे राहून न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवितों किंवा सही करतों. किसान कार्डाची मर्यादा ठरवितांना पिकाच्या रकमेवर घरखर्चासाठीं १० टक्के व शेतीच्या साधनांच्या दुरुस्तीसाठीं २० टक्के धरावयाचे असतात, हें पुष्कळांस कोणी सांगितलेलेंच नाहीं. येत्या खरिपापूर्वीं नूतनीकरणास जातांना एका गांवच्या सभासदांनीं मिळून एकाच दिवशीं शाखेंत जावें, ही रक्कम आपल्या मर्यादेंत धरली आहे कीं नाहीं तें लेखी विचारावें, व आलेलें उत्तर मंडळाच्या कचेरींत पाठवावें.